कपडा कमी पडेल

इन्स्पेक्टरला पोकर उत्तम येतो, याबद्दल अख्ख्या गावात फक्त एका माणसाची खात्री होती आणि तो माणूस म्हणजे इन्स्पेक्टर स्वतः. आता इन्स्पेक्टर म्हटल्यावर तुम्ही खाकी कपडे आणि दंडुका डोळ्यांसमोर आणला असेल तर तो आधी पुसून टाका. हा वजनमापे खात्यातला इन्स्पेक्टर. दुकानात जायचं, तराजू उचलून बघायचा, वजनं तपासायची, ठीक असतील तर शिक्का मारायचा आणि नसतील तर दुकानदाराचं रडगाणं पूर्ण ऐकून घेऊन मग नोटीस लिहायची, हे त्याचं काम. ते रडगाणं ऐकताना आपल्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, असं तो बायकोला अभिमानाने सांगायचा. या एका समजुतीवर त्याने आपला सगळा पोकर उभा केला होता.

खरी गोष्ट अशी की पान चांगलं आलं की त्याचे दोन्ही कान लाल व्हायचे, आणि थाप मारायची झाली की तो छताकडे बघून घसा खाकरायचा. त्याच्याबरोबर खेळणाऱ्या तिघांना हे पहिल्या महिन्यातच कळलं होतं आणि तिघांनीही ते त्याच्यापासून जपून लपवलं होतं. सांगितलं असतं तर तो सुधारला असता, आणि तो सुधारल्याने बाकी कुणाचंच भलं होणार नव्हतं.

हे तिघं कोण, ते सांगायला हवं. पहिले मास्तर, म्हणजे शिंपी. आयुष्यभर मशिनवर वाकून त्यांची पाठ अशी झाली होती की ते सरळ उभे राहिले तरी काहीतरी खाली पडलेलं शोधताहेत असं वाटे. दुसरा केमिस्ट. त्याचं औषधाचं दुकान मास्तरांच्या शेजारीच होतं, आणि त्यातल्या पित्ताच्या गोळ्यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक तो स्वतःच होता. जराशी काळजी वाटली की खिशातून एक गोळी काढून तोंडात टाकायची, ही त्याची सवय. तिसरा मेव्हणा, इन्स्पेक्टरच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो कॉम्प्युटरवर परदेशी लोकांबरोबर खेळून पोकर शिकला होता आणि टक्क्यांत बोलायचा. 'सत्तर टक्के माझा डाव' म्हणायचा आणि हरायचा. हरल्यावर म्हणायचा, "टक्केवारी बरोबर होती, पानं चुकीची आली."

हे चौघं दर रविवारी दुपारी मास्तरांच्या दुकानावरच्या खोलीत जमायचे. काय खोली होती ती! मधोमध कापड बेतायचं लांब टेबल, त्याच्या कडेला मीटर-सेंटीमीटरच्या खुणा, सगळीकडे खडूची पूड आणि गरम इस्त्रीखालच्या कापडाचा तो उबदार वास. कोपऱ्यात कोट चढवायचा लाकडी पुतळा उभा असायचा. त्याच्या अंगावर बहुतेक वेळा एका बाहीचा कोट असायचा आणि तो टेबलाकडे तोंड करून उभा असल्यामुळे पाचवा गडी बघतोय असं वाटायचं. पैसे लावायचे नाहीत हे ठरलेलंच होतं. मास्तरांच्या बटणांवर खेळ चालायचा. शर्टाचं बटण सगळ्यात हलकं, पँटचं त्याहून वरचं, आणि कोटाचं बटण पुढे सरकवलं की सगळे सावरून बसायचे. आज त्या खोलीचा विषय निघाला की इन्स्पेक्टरला आधी तो वासच आठवतो, जिंकलेले डाव नंतर आठवतात. जिंकलेले डाव फारसे नव्हते, हेही एक कारण असेल.

ज्यांना पोकर माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. प्रत्येकाला दोन पानं मिळतात ती लपवायची. पाच पानं मधे उघडी पडतात ती सगळ्यांची. मिळून ज्याचा जोर जास्त तो जिंकला. दर फेरीला बोली लावायची, आणि समोरच्याची बोली झेपत नसेल तर पानं टाकून डाव सोडायचा. बाकी सगळी विद्या म्हणजे आपल्याकडे काय आहे ते दुसऱ्याला कळू न देणं. खेळ एवढाच आहे.

पण या खोलीत आणखी एक नियम होता आणि तो जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुठल्याही टेबलावर नसणार. झालं होतं असं, की एका रविवारी केमिस्टने पहिल्याच डावात सगळी बटणं लावली आणि तो हरला. मग तो खिडकीत जाऊन बसला. रस्त्याकडे बघत, गोळ्या चघळत त्याने अख्खी दुपार काढली. पाठमोरा माणूस इतका केविलवाणा दिसू शकतो हे बाकीच्यांना माहीतच नव्हतं. कुणाचंच खेळात लक्ष लागेना. पुढच्या रविवारी मास्तरांनी फर्मान काढलं. ज्याच्या हातात हरूच शकणार नाहीत अशी पानं असतील त्याने, समोरचा सगळं पुढे सरकवायला निघाला तर, त्याला आधी सावध करायचं. सावध करायचे शब्दही मास्तरांचेच. एखादं गिऱ्हाईक इवलंसं कापड आणून 'यात कोट बसवा' म्हणालं की मास्तर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "कपडा कमी पडेल." तेच टेबलावर म्हणायचं. ऐकणाऱ्याने का आणि कसं न विचारता पानं टाकायची. आणि खोटं कुणीही म्हणायचं नाही.

"अहो भावजी, हा पोकर नाही राहिला," मेव्हणा कळवळून म्हणाला, "ही सहकारी पतपेढी झाली!"

दोनच आठवड्यांनी मास्तरांनी त्यालाच सावध केलं आणि त्याची सगळी बटणं वाचली, तेव्हा त्याचा विरोध मावळला. पुढे पुढे तर त्या नियमाचं कुणाला काही वाटेनासं झालं. दारातून आत येताना चपला काढाव्यात तितक्या सहज ते शब्द तोंडातून निघायला लागले. त्या खोलीत कितीतरी वर्षांत खोटी सूचना एकदाही दिली गेली नाही. थापा मारायला बसलेल्या माणसांच्या दृष्टीने हे भलतंच होतं, पण होतं खरं.

आणि मग घरमालकाने खोली परत मागितली. त्याला तिथे शिकवणीचे वर्ग भरवायचे होते. मास्तरांकडे खालचं दुकान राहणार होतं, पण त्यात मशिन, मास्तर आणि एक गिऱ्हाईक एवढे उभे राहिले की दार लागत नसे. मग जागा शोधणं आलं. केमिस्टच्या घरी दोन खोल्यांत सात माणसं. मेव्हणा तिघांबरोबर एका खोलीत भाड्याने राहायचा आणि ते तिघं रात्रपाळीचे, म्हणजे दुपारी घोरणारे. इन्स्पेक्टरचं घर मोठं होतं, हवेशीर होतं, पण लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बायकोने सांगून टाकलं होतं, "घरात पत्ते आलेले मला चालणार नाहीत." का, हे तिने सांगितलं नाही आणि इतक्या वर्षांत विचारायची इन्स्पेक्टरची छाती झाली नाही. दिवसभर दुकानदारांना धारेवर धरणारा माणूस घरी बऱ्याच गोष्टी विचारत नाही.

एकदा त्यांनी बागेतल्या बाकावर खेळून पाहिलं. वाऱ्याने बदामचा एक्का उडवून कारंज्यात टाकला. तो काढायला केमिस्ट वाकला तर माळी धावत आला, आणि चार प्रौढ माणसांना शाळकरी पोरांसारखं बागेबाहेर घालवण्यात आलं. बाहेर रस्त्यावर ओला एक्का झटकत मास्तर म्हणाले, "म्हणजे आता हे संपलं म्हणायचं." रविवार दुपार गेली तर उरलेल्या आठवड्यात आपल्याकडे तसं काही नाही, हे इन्स्पेक्टरला त्या फुटपाथवर कळलं.

अशा वेळी गावातल्या जुन्या क्लबाने वार्षिक पोकर स्पर्धेची जाहिरात लावली. पैशाचा खेळ नाही, असं वर ठळक अक्षरांत. खाली पहिलं बक्षीस: विजेत्याला आणि त्याच्या तीन पाहुण्यांना क्लबाची मागची छोटी खोली, वर्षभर, दर रविवारी दुपारी.

"एक आणि तीन," केमिस्टने बोटांवर मोजून पाहिलं. मग पुन्हा मोजलं. "अहो, हे आपल्यासाठीच छापलंय!"

बाहेरच्या माणसाला भाग घ्यायचा तर एका सभासदाची शिफारस लागे, आणि एका सभासदाला एकाचीच शिफारस करता येई. मास्तर ज्यांचे सूट शिवत ते एक डॉक्टर सभासद होते. म्हणजे चौघांपैकी एकच जाणार. पानं काढून ठरवायचं असं ठरलं. केमिस्टला चव्वा आला, मास्तरांना नव्वा, मेव्हण्याला गुलाम. इन्स्पेक्टरने पान उचललं, आणि त्याचे कान बघूनच तिघांना कळलं की राजा आलाय. "पुन्हा एकदा काढूया का?" मेव्हण्याने सुचवलं, पण मास्तरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघत पत्ते गोळा केले.

इथून पुढे साध्या गोष्टीचं लटांबर झालं. सरकारी नोकराने स्पर्धेत उतरायचं म्हणजे खात्याची परवानगी हवी, असं इन्स्पेक्टरच्या मनाने घेतलं. कुणी विचारलं नव्हतं. पण नियमाने चालायची खोड एकदा अंगात भिनली की जात नाही. त्याने अर्ज दिला. हेडक्लार्कने तो चष्मा लावून आणि चष्मा काढून असा दोन्ही प्रकारे वाचला.

"पोकर म्हणजे नक्की काय? क्रीडा, कला की संस्कृती?"

"यातलं काहीच नाही म्हणता येईल का?"

"रकाना रिकामा सोडता येत नाही, साहेब."

इन्स्पेक्टरने 'क्रीडा' लिहिलं. त्याबरोबर शेरा पडला की खेळाडूने शारीरिक तंदुरुस्तीचा दाखला जोडावा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने खेळ कुठला हे न विचारता त्याला जागच्या जागी धावायला लावलं, मग दोरीच्या उड्या मारायला लावल्या आणि शेवटी म्हणाला, "वाका आणि पायाच्या अंगठ्यांना हात लावा." इन्स्पेक्टर वाकला. हातही लागला. पण सरळ होताना कमरेत अशी उसण भरली की दाखला घेताना तो टेबलाला धरून उभा होता. दाखल्यावर 'सर्व प्रकारे तंदुरुस्त' असं लिहिलेलं होतं.

बातमी इमारतीत फुटली आणि सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर स्वतःचा काळा चष्मा घेऊन खाली आले. "डोळे बोलतात हो! मी कर्ज मागायला आलेल्या माणसाचे फक्त डोळे बघायचो." समोरच्या मुख्याध्यापकांचं म्हणणं, चांगलं पान आलं की एखाद्या गेलेल्या नातेवाइकाची आठवण काढावी, म्हणजे चेहरा आपोआप पडतो. या दोघांपैकी कुणीही आयुष्यात पत्त्याला हात लावलेला नव्हता, आणि म्हणूनच त्यांच्या बोलण्यात तो ठामपणा होता. मास्तरांनी उरलेल्या कापडातून कोट शिवला आणि बाह्या मुद्दाम आखूड ठेवल्या. "बाहीत पान लपवलंय असं कुणी म्हणायला नको." मेव्हण्याने स्पर्धेच्या सकाळी येऊन काही न बोलता इन्स्पेक्टरच्या कानांवर मफलर गुंडाळला.

"अरे, उकडतंय मला!"

"असू द्या भावजी. हॉलमध्ये गार वारा येतो."

बायको दारात उभी राहून हा सगळा अवतार बघत होती. आखूड कोट, काळा चष्मा, कानांना मफलर आणि ताठ कंबर. "कुणी विचारलं तर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय म्हणून सांगा," ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि जिंकून या. तुम्ही रविवारी दिवसभर घरात बसलात तर मला वेड लागेल." यापेक्षा स्पष्ट शुभेच्छा तिने त्याला कधी दिल्या नव्हत्या.

क्लबाचा हॉल उंच छताचा, हिरव्या कापडाच्या टेबलांचा. बटणांऐवजी इथे चकत्या, खऱ्या आणि जड. इन्स्पेक्टरने सवयीने एक चकती तळहातावर तोलून पाहिली आणि वजन बरोबर आहे असं मनाशी ठरवूनच तो खाली बसला. बाकीचे तिघं भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसले. केमिस्टने पहिली गोळी तोंडात टाकली.

आता जे झालं त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. उसण भरल्यामुळे इन्स्पेक्टरला हलता येत नव्हतं, त्यामुळे समोरच्यांना वाटलं की हा माणूस पक्का मुरलेला आहे. काळ्या चष्म्यातून त्याला बदाम आणि इस्पिक सारखेच दिसत होते. तिसऱ्या की चौथ्या डावात त्याला पाचही बदाम, म्हणजे एकाच जातीचा मोठा डाव, जमल्यासारखे दिसले आणि त्याने निष्पाप मनाने सगळ्या चकत्या पुढे सरकवल्या. समोर एक नामांकित वकील होते. त्यांच्याकडे चांगली पानं होती, पण या पुतळ्याकडे बराच वेळ बघून त्यांनी ती टाकून दिली. इन्स्पेक्टरने कौतुकाने आपली पानं उलटून दाखवली. पाचांतले दोन इस्पिक होते. हातात धड काहीच नव्हतं. हॉलमध्ये एकदम कुजबुज झाली, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. वकील उठून हात मिळवायला आले. "इतकी वर्षं खेळतोय, पण एवढी थंड थाप पाहिली नव्हती." इन्स्पेक्टरने ते कौतुक मान किंचित झुकवून स्वीकारलं. जास्त झुकवणं शक्यच नव्हतं.

दुपारी त्याला दोन एक्के आले आणि त्याने मुख्याध्यापकांच्या सांगण्याप्रमाणे गेलेल्या आत्याची आठवण काढली. आत्या फार प्रेमळ होती. त्याला शाळेतून आणायला यायची, दप्तर स्वतः उचलायची. काळ्या चष्म्याखालून पाणी ओघळायला लागलं. समोरच्या गृहस्थांनी घाईने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि, हा बिचारा बुडाला असं समजून, आपल्या सगळ्या चकत्या लावल्या. ते गृहस्थ बाहेर पडले तेव्हा इन्स्पेक्टर अजून डोळे पुसत होता. भिंतीपाशी मेव्हणा मास्तरांना सांगत होता, "हे टक्केवारीत बसतच नाही."

असं करत करत संध्याकाळ व्हायच्या सुमाराला टेबलावर दोघंच उरले. इन्स्पेक्टर आणि मेट्रनबाई.

मेट्रनबाई मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या. पांढरे केस घट्ट बांधलेले, करड्या रंगाचा स्वेटर, आणि पानं हातात घेण्याची पद्धत अशी की रोग्याचा तापाचा तक्ता बघताहेत. त्या दरवर्षी एकट्याच यायच्या, दरवर्षी शेवटी शेवटी हरायच्या आणि एकट्याच परत जायच्या, असं क्लबाचा सेक्रेटरी कुणालातरी सांगत होता. ते इन्स्पेक्टरच्या कानावर पडलं. मफलर होता तरी पडलं. दोघांकडे चकत्या जवळपास सारख्या होत्या.

पानं वाटली गेली. इन्स्पेक्टरने चष्मा काढून ठेवला होता, त्यामुळे यावेळी चूक नव्हती. हातात दोन राण्या. मधे पानं उघडत गेली. राणी. सत्ती. मग आणखी एक राणी. मग दोन किरकोळ पानं. चार राण्या! या टेबलावर, या डावात, याला हरवू शकेल असं काहीही उरलं नव्हतं. इन्स्पेक्टरने तीनदा खात्री करून घेतली. मफलरखाली कान भाजून निघत होते. तो कधी नव्हे इतका स्थिर बसून राहिला. भिंतीकडे बघितलंही नाही. मागची छोटी खोली, चार खुर्च्या, रविवार, सगळं एका हाताच्या अंतरावर आलं होतं.

मेट्रनबाईंनी आपली पानं पुन्हा एकदा बघितली. त्यांच्याकडे दोन सत्त्या होत्या, म्हणजे तीन सत्त्या आणि दोन राण्यांचा तगडा डाव होता, हे नंतर कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर थोडा रंग चढला. दरवर्षी हरणाऱ्या माणसाला यंदा जमेल असं वाटलं की चढतो तसा. त्यांनी दोन्ही हात चकत्यांच्या मागे नेले.

आणि इन्स्पेक्टर म्हणाला, "बाई, कपडा कमी पडेल."

हॉलमध्ये कुणालाच काही कळलं नाही. भिंतीपाशी मात्र केमिस्टने गोळ्यांची अख्खी पट्टी हातातून खाली टाकली.

"काय म्हणालात?" मेट्रनबाईंनी विचारलं.

इथे जरी तो थांबला असता तरी चाललं असतं. अर्थ कुणालाच लागला नव्हता. पण इतक्या वर्षांत 'काय म्हणालात' असं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. सावध केलं आणि समोरच्याला कळलं नाही, तर ते सावध करणं कसलं? नियमाचा माणूस. त्याने घसा न खाकरता, छताकडे न बघता, सरळ त्यांच्याकडे बघून सांगितलं, "म्हणजे नका लावू. हराल."

मेट्रनबाईंनी आयुष्यभर रोग्यांच्या नातेवाइकांचे चेहरे वाचले होते. खरं बोलणारा माणूस त्यांना कळत असे. त्यांनी चकत्यांमागचे हात काढून घेतले आणि पानं उपडी टाकली. पंच धावत आला, नियमावली उघडली गेली, बराच खल झाला. समोरच्याला जिंकवण्यासाठी बोलल्यास काय करायचं याची तरतूद कुठेच सापडली नाही. शेवटी ताकीद देऊन खेळ पुढे चालू करण्यात आला. त्यानंतर इन्स्पेक्टरचं काही जमलंच नाही. तासाभरात मेट्रनबाई जिंकल्या.

बाहेर व्हरांड्यात तिघं त्याच्यापुढे उभे राहिले. मेव्हणा जवळजवळ रडकुंडीला आला होता. "शंभर टक्के होतं, भावजी! मी आयुष्यात पहिल्यांदा शंभर टक्के बघितलं आणि तुम्ही..."

"सवयीने गेलं रे तोंडातून," इन्स्पेक्टर म्हणाला. त्याला खूप वाईट वाटत होतं आणि ते त्याने लपवलं नाही. "तुमची खोली घालवली मी."

मास्तर बराच वेळ त्याच्या कोटाची कॉलर सारखी करत राहिले. कॉलर सारखीच होती. "शिकवलं कुणी तुला? मीच ना?" ते म्हणाले. "मग मला बोल."

तेवढ्यात मेट्रनबाई आल्या. हातात बक्षिसाचा लखोटा होता. तो त्या जरा अवघडून धरून होत्या.

"यात तीन पाहुणे लिहिलेत," त्या म्हणाल्या. "मला तर कुणी नाही. मघापासून बघतेय, तुम्ही तिघं दिवसभर यांच्यासाठी उपाशी बसलात. अशी माणसं चांगली. दर रविवारी याल का?"

तिघांचे चेहरे उजळले आणि त्याच क्षणी पडले. तीन. मेट्रनबाई इन्स्पेक्टरकडे वळल्या.

"तुम्हाला बोलवत नाही, राग मानू नका. तुमच्यासमोर बसले तर मला प्रत्येक डावात वाटत राहील की आता हे गृहस्थ सांगतील. असं कसं खेळणार? मला हरायचं तर धड हरू द्या."

अपमान म्हणावा तर त्यांनी केला नव्हता, आणि नाही म्हणावं तर झोंबला होता. केमिस्ट लगेच म्हणाला, "नाही नाही, आम्ही चौघं आहोत. चौघं तरी, नाहीतर कुणीच नाही." मास्तरही मान हलवायला लागले. इन्स्पेक्टरने त्यांच्याकडे बघितलं. खालच्या त्या अरुंद दुकानात, भिंतीकडे तोंड करून, रविवारी दुपारी एकटे मशिन चालवणारे मास्तर त्याला दिसले.

तो छताकडे बघून खाकरला.

"मला तरी कुठे जमणार होतं?" तो म्हणाला. "ऑफिसात आता रविवारची तपासणी लावलीय. बाजार रविवारी भरतो ना. वर्षभर मला सुट्टीच नाही. मी तुम्हाला सांगणारच होतो."

एवढी वाईट थाप त्याने त्या खोलीतसुद्धा कधी मारली नव्हती. लहान मुलानेही पकडली असती. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मेव्हण्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"हो का?" मास्तर म्हणाले. "मग नाइलाजच आहे."

"सरकारी नोकरी," केमिस्ट म्हणाला आणि मफलरच्या सुटलेल्या टोकाकडे बघत राहिला.

घरी जाताना इन्स्पेक्टर मनात म्हणत होता की बघा, शेवटी आपली थाप चाललीच. तो खूश होता असं नाही, पण चालली हे खरं.

पहिल्या रविवारी दुपारी तो कपाटं आवरत बसला. दोन आवरून झाली. तिसरं कपाट बायकोचं होतं, त्याला तिने हात लावू दिला नाही. संध्याकाळी बेल वाजली. दारात तिघंही उभे. क्लबातून थेट आले होते.

"काय सांगू तुला!" केमिस्ट आत येण्याआधीच बोलायला लागला. "बाईंनी मास्तरांना असं कापलं..."

"थांब, मी सांगतो, पहिल्यापासून सांगतो," मास्तर म्हणाले. आणि चहा येईपर्यंत तिघांनी मिळून एकेक डाव त्याच्यापुढे मांडला. घरात पत्ते आणायचे नव्हते, म्हणून नुसता तोंडी. कुणाच्या हातात काय होतं, मधे काय पडलं, कुणी काय लावलं. इन्स्पेक्टर डोळे मिटून ऐकायचा आणि मधेच हात वर करायचा. "तिथे चुकलास. तिथे टाकून द्यायला हवी होतीस." मेव्हणा मान्य करायचा. तो कधी मान्य करत नसे, पण इथे करायचा.

मग दर रविवारी तसंच सुरू झालं. संध्याकाळ झाली की बेल, चहा आणि दुपारचे सगळे डाव. इन्स्पेक्टर आजही म्हणतो की त्याचा सगळ्यात चांगला पोकर त्या वर्षातला. कारण उघड आहे, त्या वर्षात तो एकदाही हरला नाही. मास्तर नंतर मुलीकडे राहायला गेले आणि तिकडेच गेले. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. इन्स्पेक्टर तिथून जाताना पावलं थोडी हळू टाकतो.

पण त्या वर्षातली एक संध्याकाळ त्याला सगळ्यात जास्त आठवते. मेव्हणा रंगात येऊन एक लांबलचक डाव सांगत होता. मेट्रनबाईंनी हे केलं, केमिस्टने ते टाकलं, मास्तर कसे अडकले. चौघंही माना पुढे काढून बसले होते. बायको आत कपबशा विसळत होती. एकाएकी नळ बंद झाल्याचा आवाज आला आणि ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हात ओले होते.

"मग किलवरचा राजा कुणाकडे होता?" तिने विचारलं. "तो कुणी सांगितलाच नाही."

चौघंही तिच्याकडे बघतच राहिले. मेव्हण्याला आठवेना. केमिस्टलाही आठवेना. इन्स्पेक्टर हळूच एका बाजूला सरकला आणि त्याने शेजारची जागा मोकळी केली. पदराला हात पुसत ती येऊन बसली.

"पहिल्यापासून सांग," ती भावाला म्हणाली. "आणि सावकाश."